नगरपरिषदेचं नाट्यगृह कमी पैशांत चालवायचं कसं? कोकणातल्या हॉलसाठी एक कामाची मांडणी

फेब्रुवारीत नगरपरिषदेचं अंदाजपत्रक सभेपुढे येतं, तेव्हा कात्री कुठे लावायची यावर फारशी चर्चा होत नाही. पाणीपुरवठ्याला हात लावता येत नाही. सफाईला लावला तर दुसऱ्याच दिवशी बोंब होते. पगार तर द्यावेच लागतात. मग उरतं नाट्यगृह. 'पांढरा हत्ती' असं कुणीतरी म्हणतंच, आणि देखभालीची रक्कम अर्ध्यावर येते. रस्त्यातल्या खड्ड्याची ओरड लगेच होते. एसीचा कॉम्प्रेसर बसला तर ओरड व्हायला पुढच्या प्रयोगापर्यंत वेळ असतो.

हा लेख अशा हॉलच्या व्यवस्थापकासाठी, मुख्याधिकाऱ्यांसाठी, नगरसेवकांसाठी आणि गावातल्या नाट्यसंस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे. रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह, पनवेलचं फडके नाट्यगृह, या सगळ्यांची तब्येत एकसारखी नाही. पनवेलला महापालिका आहे आणि मुंबई हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे तिथलं गणित निराळं. इथे डोळ्यांपुढे ठेवलाय तो नगरपरिषदेच्या गावातला पाचशे-सातशे खुर्च्यांचा हॉल.

सुरुवातीलाच सांगतो, असा हॉल नफ्यात येणार नाही. वर्षाची तूट किती सोसायची ते आधी ठरवा, ती सभेकडून मंजूर करून घ्या, आणि तेवढ्या तुटीत पडदा जास्तीत जास्त वेळा उघडेल असं बघा. 'हॉल स्वयंपूर्ण करू' असं म्हणून भाडं दुप्पट केलं की तारखा ओस पडतात, आणि रिकामा हॉल चालत्या हॉलपेक्षा महाग पडतो. तो कसा, ते आकड्यांत बघू.

१. हॉलची वही वेगळी करा

नगरपरिषदेच्या हिशेबात नाट्यगृह एका जागी सापडत नाही. वीजबिल विद्युत विभागाच्या शीर्षात (म्हणजे हिशेबातल्या सदरात), शिपाई आस्थापनेत, गळती बांधकामात, आणि भाड्याचं उत्पन्न 'इतर मालमत्ता' नावाच्या गाठोड्यात. त्यामुळे हॉलवर नेमका किती खर्च होतो हे सभागृहात कुणालाच माहीत नसतं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरतो.

एक साधी वही घ्या, संगणकावर केली तरी चालेल. दोन रकाने पाडा. पहिल्यात हॉल महिनाभर उघडलाच नाही तरी होणारा खर्च. दुसऱ्यात एक प्रयोग लावला की वाढणारा खर्च. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून दोन्ही भरा.

उदाहरणादाखल सहाशे खुर्च्यांचा वातानुकूलित हॉल धरू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. बंद महिन्यात रखवालदारीचा ठेका ५०,०००, सफाई १८,०००, विजेचा स्थिर आकार आणि किरकोळ वापर २७,०००, एसी, जनरेटर आणि अग्निशमन यांच्या वार्षिक कराराचा मासिक हिस्सा २०,०००, विमा, पाणी वगैरे १०,०००. झाले १,२५,०००. आता एक प्रयोग. साठ टनांचा एसी चार तास चालला की तीनशेच्या वर युनिट जातात. जुने हॅलोजन दिवे, मेकअप रूम, ध्वनी आणि हॉलमधले दिवे धरून आणखी सव्वाशे. म्हणजे सुमारे ४३० युनिट. बारा रुपयांनी ५,१६० रुपये. जादा सफाई, लाइट-साउंडची माणसं आणि किरकोळ मिळून ३,८४०. एकूण ९,०००.

भाडं १२,००० असेल तर प्रयोगामागे ३,००० सुटतात. सव्वा लाख भरून काढायला महिन्याला ४२ प्रयोग लागतील. कोकणातल्या कुठल्या गावात महिन्याला ४२ प्रयोग होतात? त्यामुळे 'हॉल स्वतःच्या पायावर उभा करा' हे वाक्य सभेत आलं की हे गणित पुढे ठेवायचं. महिन्याला दहा कार्यक्रम झाले तर ३०,००० येतील आणि तूट ९५,००० वर येईल, वर्षाला ११ लाख ४० हजार. गावाला नाट्यगृह हवं असेल तर त्याची ही किंमत. वाचनालय, बाग, क्रीडांगण यांची आपण भरतोच. ही रक्कम 'सांस्कृतिक सेवेचा निव्वळ खर्च' म्हणून एका ओळीत मंजूर करून घ्या. एकदा ती ओळ झाली की दरवर्षी नव्याने भीक मागावी लागत नाही.

याच वहीत तिसरा रकाना ठेवा, 'माफी'चा. त्यावर पुढे येतो.

२. वीजबिल नीट वाचा

प्रयोगाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा विजेचा, म्हणून सुरुवात तिथून. महावितरणच्या बिलावर करार मागणी, म्हणजे तुम्ही मागून ठेवलेला भार, आणि त्या महिन्यात नोंदलेली कमाल मागणी, म्हणजे प्रत्यक्षात एका वेळी लागलेला सर्वांत जास्त भार, असे दोन आकडे असतात. हॉल बांधताना कंत्राटदाराने सगळी यंत्रं एकदम चालतील असं धरून मोठा भार मागितलेला असतो. प्रत्यक्षात ती एकदम कधीच चालत नाहीत. बारा महिन्यांची कमाल मागणी मांडून बघा. करार १५० केव्हीएचा (केव्हीए हे भार मोजायचं एकक) आणि वर्षातला सर्वांत मोठा आकडा ९० असेल, तर वापरत नसलेल्या क्षमतेचे पैसे तुम्ही दर महिन्याला भरताय, हॉल बंद असतानाही. भार कमी करण्याचा अर्ज ही कागदाची फेरी आहे, तिला निधी लागत नाही. गणेशोत्सवातला आणि मे महिन्यातला आकडा बघून थोडी जागा सोडा म्हणजे झालं. पॉवर फॅक्टरही, म्हणजे घेतलेली वीज किती कामी येते तो आकडा, तपासा. तो सुधारणारी कपॅसिटर बँक मेलेली असते आणि दंड बिलात गुपचूप चाललेला असतो.

एसीचं म्हणाल तर निम्मा प्रश्न दारांचा आहे. प्रेक्षागृहाच्या दारांचं रबर कुजलेलं, मागच्या बाजूचं लोडिंगचं दार सेट उतरेपर्यंत सताड उघडं, आणि एसी दुपारी तीनपासून चालू कारण 'हॉल थंड व्हायला वेळ लागतो'. सेट लागेपर्यंत रंगमंचावर मोठे पंखे द्या. एसी प्रयोगाच्या तासभर आधी सुरू करा आणि तेव्हापासून लोडिंगचं दार बंद. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळी शाळेच्या स्नेहसंमेलनाला एसी लागतोच असं नाही. 'एसीविना' असा वेगळा, स्वस्त दर ठेवा. तालमीसाठी तर एसी नाहीच, दोन साधे दिवे पुरेत.

दिवे बदलताना एक सावधानता. एक हजार वॅटच्या पार कॅनच्या, म्हणजे डब्यासारख्या जुन्या स्टेज-दिव्याच्या, जागी दीडशे-पावणेदोनशे वॅटचा एलईडी पार येतो, बचत मोठी आहे. पण एलईडीला सरळ, अखंड वीज लागते. त्याचा प्रकाश कमी-जास्त होतो तो डीएमएक्सच्या, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या वेगळ्या, तारेतून. जुन्या डिमरच्या, म्हणजे वीज कमी-जास्त करून दिवा मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राच्या, सॉकेटमध्ये तो खोचला की लुकलुकतो आणि काही दिवसांत जातो. म्हणजे दिव्यांबरोबर थेट विजेची लाइन आणि डीएमएक्सची तार ओढण्याचा खर्चही अंदाजात धरा. नाहीतर दिवे येतात आणि खोक्यातच राहतात. सगळं एकदम बदलायचीही गरज नाही. रंगीत उजेड देणारे पार आधी बदला. चेहऱ्यावर पडणारे चांगले जुने प्रोफाइल आणि फ्रेस्नेल जातीचे दिवे अजून काही वर्षं राहू द्या, प्रकाशयोजनाकार तुम्हाला दुवाच देतील.

छतावर सौर पॅनेल बसवावं का, असं सगळेच विचारतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर रायगडातल्या पत्र्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. आधी छताचा सांगाडा अभियंत्याकडून तपासून घ्या, मग पॅनेलचं बोला.

३. खारा वारा, पाऊस आणि बंद दारं

पुण्या-नाशिकच्या हॉलची देखभाल-यादी इथे उतरवून चालत नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं. कोकणात हॉल वापराने जितका झिजतो त्याहून जास्त बंद राहून कुजतो.

एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ जाऊन त्या पातळ पत्र्याच्या झालरी, म्हणजे फिन्स, बोटाने दाबून बघा. समुद्राकडच्या बाजूला त्या पांढऱ्या भुकटीसारख्या हातात येत असतील तर युनिट उष्णता बाहेर टाकत नाही, नुसता वीज खातो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. वार्षिक करारात 'गोड्या पाण्याने धुणे, महिन्याला एक वेळ' असं स्पष्ट लिहा आणि धुतल्याचा तारखेसह फोटो मागा. नवं युनिट घ्यायची वेळ आली तर फिन्सवर गंजरोधक लेप असलेलंच घ्या, आणि शक्य असेल तिथे ते इमारतीच्या पूर्वेच्या आडोशाला बसवा.

मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस छतासाठी राखा. चाकरमान्यांच्या गर्दीमुळे तारखा भरलेल्या असतात हे खरं, पण छतावरचं काम प्रयोगाला आड येत नाही. पत्र्याचे हुक आणि त्यांचे वॉशर बदला, पन्हळीतला पाला काढा, पावसाचा पाइप मोकळा आहे ना ते बादलीभर पाणी ओतून बघा. गळती नेमकी प्रोजेक्टर किंवा डिमरच्या खोलीवरच होते, असा सगळ्यांचा अनुभव आहे, आणि त्याला कारण आहे: तारा नेण्यासाठी छताला भोकं तिथेच पाडलेली असतात.

जून ते ऑगस्ट प्रयोग कमी. अशा वेळी हॉलला कुलूप घालून किल्ली कार्यालयात टांगली की श्रावण संपेपर्यंत मखमली पडद्यावर बुरशी, प्लायवूडच्या फळ्या फुगलेल्या, खुर्च्यांच्या फोमला कुबट वास. आठवड्यातून दोनदा, उघडीप बघून, दारं आणि विंगांमागच्या खिडक्या दोन तास उघडा, रंगमंचावरचे मोठे पंखे लावा, पडदा पूर्ण उघडून-मिटून घ्या. घडी पडलेल्या जागीच बुरशी धरते. माइक आणि वायरलेसचे संच घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या महिन्याने तापवून पुन्हा वापरता येतात. वर टांगलेल्या दांड्यांच्या लोखंडी दोरांवरून कापड फिरवा. धागे तुटून कापड अडकलं तर तो दोर त्याच दिवशी उतरवायचा, पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. वाळवीची नजर रंगमंचाच्या खाली. तिथे कुणी उतरत नाही, म्हणून दर पावसाळ्यानंतर बॅटरी घेऊन एकाने उतरायचं.

नदीकाठच्या गावांना आणखी एक गोष्ट. २६ जुलै २००५ च्या पुराने चिपळूणच्या सांस्कृतिक केंद्राचं मोठं नुकसान झालं आणि नंतर ते बरीच वर्षं बंदच राहिलं. २२ जुलै २०२१ ला शहर पुन्हा बुडालं. वाशिष्ठीसारखी नदी शेजारी असेल तर मुख्य पॅनेल, डिमर, अॅम्प्लिफायरची रॅक आणि जनरेटर पूररेषेच्या वर न्यायचे. भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण रंगवून ठेवा, तिच्याखाली विजेचं काही नको. पहिल्या मजल्यावर रिकामी खोली नसेल तर कार्यालय खाली आणा आणि यंत्रं वर न्या. खुर्ची भिजली तर वाळते, पॅनेल भिजलं तर वर्ष जातं.

४. आगीच्या बाबतीत एक पैसा कापू नका

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं, महापालिकेच्या ताब्यातलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. नाट्यगृहात पडदे, लाकूड, फोम, रंग, जुन्या तारा असं सगळं जळाऊ सामान एका छताखाली असतं.

राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावं लागतं. नगरपरिषद स्वतः दुसऱ्यांना त्यासाठी नोटिसा काढते, तेव्हा आपल्या हॉलचा कागद आधी जागेवर हवा. पण कागदाच्या पुढे रोजच्या चार गोष्टी आहेत. बाहेर पडायचं प्रत्येक दार प्रयोगाआधी डोअरकीपरने स्वतः उघडून बघायचं. फुकटे आत शिरतात म्हणून कडी-कुलूप लावायची सवय जीवघेणी आहे. विंगांमागच्या वाटेत जुने सेट, निवडणुकीचे फलक, गणपतीच्या मखराची थर्माकोलची कमान ठेवायची नाही. दर महिन्याला हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, पंप पाच मिनिटं चालवून पाणी खरोखर येतं का ते बघायचं. आणि दुरुस्तीच्या काळात वेल्डिंग चालू असेल तर पडदे उतरवलेले, शेजारी पाण्याची नळी घेऊन माणूस उभा, काम संपल्यावरही तासभर तो तिथेच.

५. दरपत्रक आणि तारखा

एकच भाडं सगळ्यांना, हे दिसायला न्याय्य आणि व्यवहारात चुकीचं. व्यावसायिक नाटक, गावातली हौशी संस्था, शाळा, कंपनीची बैठक, राजकीय मेळावा, तालीम, या प्रत्येकाचा दर वेगळा हवा. हौशी संस्थेला प्रयोगाचा वाढीव खर्च भरून निघेल एवढाच दर लावा. मेळाव्याला पूर्ण दर, आगाऊ, अनामतीसह. रंगमंचावर खिळे ठोकणं, भिंतीला चिकटपट्टी, फटाके आणि कागदी कचरा उडवणाऱ्या तोफा यांसाठी अनामतीतून कापायची रक्कम आधीच छापून ठेवा, म्हणजे नंतर वाद नाही.

आता तो 'माफी'चा रकाना. सत्कार, शासकीय कार्यक्रम, कुणाच्या शिफारशीवरून दिलेला हॉल, हे सगळं फुकट जातं आणि तूट मात्र नाट्यगृहाच्या नावावर चढते. माफी बंद करायला जाऊ नका, ते होणार नाही. ठराव एवढाच करून घ्या की हॉल फुकट मिळेल, पण ज्या विभागाने मागितला त्याच्या शीर्षातून वाढीव खर्च नाट्यगृहाच्या शीर्षात वर्ग होईल. नगरपरिषदेच्या आतलाच हा कागदी व्यवहार. पण शिक्षण विभागाला स्वतःच्या शीर्षातून ९,००० द्यायचे म्हटल्यावर दोन तासांच्या बक्षीस-समारंभाला शाळेचं सभागृह अचानक पुरेसं वाटू लागतं.

तारखांचं वाटप तिमाहीने करा आणि रिकाम्या तारखा फलकावर व नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर लावा. साहेबांच्या डायरीत अडकलेल्या तारखा ही निर्मात्यांची जुनी तक्रार आहे. तारीख परत केली तर किती दिवस आधी किती रक्कम कापणार, तेही त्याच कागदावर.

मुंबईहून नाटक येतं ते एकट्या तुमच्या गावासाठी येत नाही. कलाकारांची बस, सेटचा टेम्पो, नाइट (कलाकाराचं एका प्रयोगाचं मानधन), मुक्काम, डिझेल, हे सगळं एका प्रयोगावर निघत नाही. निर्मात्याला दौरा हवा असतो: शुक्रवारी चिपळूण, शनिवारी रत्नागिरी, रविवारी कुडाळ किंवा मालवण, मग बांदा ओलांडून गोवा. मधलं एक गाव गळलं तर सगळा दौराच रद्द होतो. तरीही शेजारच्या हॉलचे व्यवस्थापक एकमेकांशी बोलत नाहीत. चार हॉलच्या व्यवस्थापकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप करा आणि दर तिमाहीच्या वाटपाआधी दोन शनिवार-रविवार जोडून 'दौऱ्याच्या तारखा' म्हणून राखा. दौऱ्यातल्या नाटकाला त्याच दिवशीचा दुसरा प्रयोग निम्म्या भाड्यात द्या. सेट लागलेलाच असतो, हॉल थंडच असतो, तुमचा वाढीव खर्च कमी पडतो.

नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, हे प्रयोग विकत घेणाऱ्या स्थानिक ठेकेदाराला माहीत असतं. पहिल्यांदाच प्रयोग लावणाऱ्या रोटरी किंवा शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाला ते सांगा.

६. आपलीच माणसं, आपलेच खेळ

पुण्या-मुंबईच्या नाटकांवर कोकणातला हॉल वर्षभर चालत नाही. दशावतार, नमन-खेळे, जाखडी, भजनाची डबलबारी या इथल्या लोककलांना प्रेक्षक आहे, आणि तो तिकीट काढतो. मुंबईत नमनाचे प्रयोग नाट्यगृहात तिकीट लावून होतात, मग गावात का नाही?

कारण बहुतेक मंडळांना बारा हजारांचं भाडं आधी भरणं परवडत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक भाड्याऐवजी टक्केवारी ठेवा: वाढीव खर्चापुरती किमान रक्कम आणि तिकीटविक्रीच्या दहा टक्के. मंडळाची जोखीम उतरते, गर्दी झाली तर हॉललाही मिळतं. दशावताराला दिवे कमी लागतात, सेट नाही, एक बाकडं आणि मागचा पडदा की झालं. त्यामुळे प्रयोगाचा खर्चही निम्म्यावर येतो. परंपरेने दशावतारी मंडळांचा हंगाम कार्तिकापासून जत्रांबरोबर फिरतो. पावसात उघड्यावर खेळ करता येत नाही, तेव्हा छप्पर फक्त तुमच्याकडे आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बंदरावरच्या गावांत संध्याकाळी वेळच वेळ असतो. तेव्हाच्या रविवारी दुपारी दशावतार लावून बघा. वेळेचा करार मात्र पक्का करा. नमन रंगात आलं की घड्याळाकडे कुणी बघत नाही, आणि जादा तासाचं बिल कुणाला द्यायचं हा प्रश्न पहाटे उभा राहतो.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाट्यस्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, नाटक बसवणाऱ्या मुलांच्या तालमी, ही दुसरी फळी. तालमीला सोमवार ते गुरुवार तासावर रंगमंच द्या, दोनशे-तीनशे रुपयांत. उत्पन्न फुटकळ, पण हॉल हवेशीर राहतो आणि बिघाड प्रयोगाच्या दिवशी कळण्याऐवजी मंगळवारीच कळतो.

७. ठेका द्यायचा का?

अंदाजपत्रक आटलं की 'संपूर्ण हॉलच चालवायला देऊन टाका' ही सूचना येते. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यायला १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ९२ ची चौकट आहे, त्यामुळे मनात आलं आणि दिला असं होत नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी माझा या सूचनेला विरोध आहे. ठेकेदाराला लग्नाच्या एका दिवसात जे मिळतं ते नाटकाच्या चार प्रयोगांत मिळत नाही, तो नाटकाला तारीख का देईल? दोन हंगामांत रंगमंचावर नवरा-नवरीचं सिंहासन दिसू लागतं.

तुकड्यांनी द्या. उपाहारगृह एकाला, वाहनतळ दुसऱ्याला, सफाई महिला बचत गटाला, लाइट-साउंड प्रयोगागणिक गावातल्याच जाणत्या माणसाला. रंगमंच आणि तारखा नगरपरिषदेच्या हातात राहू द्या. अगदीच संपूर्ण द्यायची वेळ आली तर करारात नाटक आणि लोककलांसाठी वर्षातले किमान दिवस, हौशी संस्थांसाठी दराची कमाल मर्यादा आणि या लेखाच्या तिसऱ्या भागातली देखभाल-यादी जशीच्या तशी घाला.

८. दुरुस्तीसाठी पैसा

मोठ्या नूतनीकरणाचा प्रस्ताव पाठवायचा आणि निधी येईपर्यंत हॉल बंद ठेवायचा, हा सर्वांत महाग मार्ग. निधी आला तरी अर्धा येतो, दर वाढलेले असतात, ठेकेदार थांबतो. शक्य ते सगळं टप्प्यांत करा: या वर्षी छत, पुढच्या वर्षी वायरिंग, मग खुर्च्यांच्या रांगा दहा-दहा करून.

जिल्हा नियोजन समिती किंवा आमदार-खासदार निधी यांतून बांधकाम आणि वस्तू मिळतात, रोजचा खर्च मिळत नाही. म्हणून मागणी वस्तूची करा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या यादीत कला आणि संस्कृतीचा समावेश आहे. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहती जवळ असतील तर 'नूतनीकरणास साहाय्य' असं मोघम पत्र न देता 'वीस एलईडी दिवे, तारेसह, सोबत तीन दरपत्रकं' असं द्या. अधिकाऱ्याला हो म्हणणं सोपं जातं.

एक खास विनंती. दुरुस्तीत प्रेक्षागृहाच्या भिंतींना चकचकीत टाइल्स लावू नका. धुवायला सोप्या म्हणून त्या लावतात आणि मग पाचव्या रांगेत शब्द दोनदा ऐकू येतो. मग ध्वनिव्यवस्थेवर लाख रुपये घालतात, शब्द आणखी जोरात दोनदा ऐकू येतो.

९. प्रेक्षक घरी कसा जाणार?

रात्री साडेआठचा प्रयोग साडेअकराला सुटतो. तोवर आजूबाजूच्या गावांत जाणारी शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. म्हणजे तुमचा प्रेक्षक दुचाकी-चारचाकीवाला आणि शहरातलाच. रविवारी साडेचारचा प्रयोग लावला की पावस, देवरुख, गुहागरच्या बाजूचा माणूस रत्नागिरी-चिपळूणला येऊन परत जाऊ शकतो. प्रयोगाच्या दिवशी आगारप्रमुखांना पत्र देऊन एखादी गाडी अर्धा तास उशिरा सुटते का बघा. तिकीट मोबाइलवर मिळू द्या, पण तिकीट-खिडकीवरचा खुर्च्यांचा प्लॅन बंद करू नका. कोपऱ्यातली खुर्ची बोटाने दाखवून घेणारे प्रेक्षक अजून पुष्कळ आहेत आणि तेच नियमित येतात.

आणि महिलांचं स्वच्छतागृह. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत तिथे रांग लागते, पाणी संपतं, दिवा गेलेला असतो. बायकांनी नाटकाला येणं यावरून थांबवलेलं मी पाहिलंय, आणि त्या आल्या नाहीत की घरचं कुणीच येत नाही. प्रयोगाच्या दिवशी एक सफाई कर्मचारी फक्त तिथेच नेमा, मध्यंतराआधी टाकी तपासा. हजार-बाराशे रुपयांत होणारं काम आहे.

१०. मागणी कधी मांडायची

अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंजुरीला येतं, त्यामुळे जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही. तीन रकान्यांची वही दिवाळीनंतर बंद करा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेखा विभागाकडे दोन पानांची टिपणी द्या. पहिल्या पानावर गेल्या वर्षीचे कार्यक्रम, उत्पन्न, माफीची रक्कम आणि निव्वळ तूट. दुसऱ्यावर पुढच्या वर्षीची तूट आणि एकच भांडवली काम, अंदाजपत्रकासह. दोन कामं लिहिली की सोपं आणि कमी गरजेचं तेवढं मंजूर होतं. टिपणीची एक प्रत नाट्यपरिषदेच्या स्थानिक शाखेला आणि गावातल्या दोन-तीन हौशी संस्थांना द्या. सभेच्या दिवशी प्रेक्षक सज्जात त्यांची दहा माणसं बसलेली असली, तर ती ओळ खोडायला हात सहजासहजी उचलला जात नाही.